लिफ्टपर्यंतची रांग

बुसानच्या गिम्हे विमानतळावर त्या दिवशी ज्यांनी बान सुग्यंगला पाहिलं, त्यांना वाटलं असणार की बाईचा नवरा पळून चाललाय. पन्नाशीची ठेंगणी बाई, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच लटकतंय, आणि ती तपासणीच्या रांगेतून एका धिप्पाड माणसाला बाहीला धरून बाहेर ओढतेय. माणूस काळ्या सुटात, काळा टाय लावलेला. तो नवरा नव्हता. तो होता मोक जोंगदे, हेर्योंग पंप कंपनीचा विक्री संचालक, सुग्यंगपेक्षा वयानं, हुद्द्यानं आणि आवाजानं मोठा. सुग्यंग त्याच कंपनीच्या कंप्लायन्स विभागाची प्रमुख होती, म्हणजे कंपनीनं देशात किंवा परदेशात कुणाचे हात ओले करू नयेत हे बघणं तिचं काम. ऑफिसात त्या विभागाला सगळे 'नाही-खातं' म्हणत.

मोक निघाला होता दक्षिणेकडच्या एका देशात. देशाचं नाव घेण्यात अर्थ नाही, तिथल्या लोकांनी पुढं स्वतःच आपलं घर साफ केलं. तिथं एक मोठं बंदर होणार होतं आणि त्या बंदराला लागणारे सगळे पंप पुरवायला हेर्योंग वर्षभर धडपडत होती. आदल्या दिवशी तिथल्या दलालाचा फोन आला, की बंदराच्या मुख्य अधिकाऱ्याची आई वारली. दलाल रडवेल्या आवाजात म्हणाला, तुम्ही कोरियन लोक अशा वेळी काय करता ते साहेबांना ठाऊक आहे. बास, मोकनं लगेच काळा सूट इस्त्रीला टाकला.

"पाकीट काढा, मोकसाहेब," सुग्यंग म्हणाली.

"अहो, कुणाची तरी आई गेलीय. आपण माणसं आहोत की जनावरं?"

"तो सरकारी अधिकारी आहे, आणि आपली निविदा त्याच्या टेबलावर पडलीय."

मोकचा खरोखर यात काही वाईट हेतू नव्हता, ही त्यातली गोम. सूटकेस भरून लाच नेणारा माणूस असता तर तिला सोपं गेलं असतं. पण मोक होता अस्सल बुसानचा. इथला माणूस एखाद्या वेळी लग्न चुकवेल, पण मयत चुकवणार नाही. काळा टाय गाडीच्या खणात कायम असतो आणि शोकाचे पैसे घालायचं पांढरं पाकीट कोटाच्या आतल्या खिशात. आता ज्याच्याकडून एवढं मोठं काम मिळवायचं त्याच्यासाठी पाकीट जरा जाडच भरलं होतं, इतकंच. मोकच्या हिशेबी ती माणुसकी होती. कायद्याच्या हिशेबी ती लाच होती, आपल्या इथल्या कायद्यानंही आणि अमेरिकेच्याही, कारण कंपनीचा भागीदार अमेरिकन आणि व्यवहार डॉलरमध्ये. दर वसंतात सुग्यंग हेच विक्री विभागाला शिकवायची आणि दर वसंतात पहिल्या रांगेत बसून मोक डुलक्या काढायचा.

"असं करा," ती म्हणाली, "विमान पकडा. जा. दोनदा डोकं टेकवा, रडू येत असेल तर रडा. मी अडवत नाही. फक्त पाकीट माझ्याकडे द्या."

मोक तिच्याकडे बघतच राहिला. तिनं जणू त्याला चड्डीवर जायला सांगितलं होतं.

"रिकाम्या हातांनी? मयताला?"

"हो."

"त्यापेक्षा न गेलेलं बरं."

आणि तो खरंच गेला नाही. पाकीट तिच्या हातावर आपटलं, टाय ओढून सैल केला आणि जाता जाता मागं वळून म्हणाला, "तुमची आई जाईल ना, बानबाई, तेव्हा बघू कोण येतं ते."

बोलून त्यानं जीभ चावली. पण आजूबाजूची माणसं ऐकत होती, आणि मागं घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. 

काम गेलं, हे सांगायला नकोच. ते दुसऱ्या एका कंपनीला मिळालं, तिच्या माणसांनी तिकडं पाकीटं नेली होती हे कुजबुजीतून कळलं. विक्री विभागाचा वर्षाअखेरचा बोनस बुडाला. मोकनं सगळ्यांना सांगितलं, की बानबाईनं एका मेलेल्या म्हातारीच्या नावाचं पाकीटसुद्धा जाऊ दिलं नाही. त्यानंतर कॅन्टीनमध्ये सुग्यंग ताट घेऊन ज्या टेबलाशी बसे तिथल्या लोकांचं जेवण नेमकं त्याच वेळी संपे. कुणी तोंडावर काही बोललं नाही. बोलले असते तर तिनं उत्तर दिलं असतं, ती काही गरीब गाय नव्हती. पण संपलेल्या जेवणाला काय उत्तर देणार?

घरी मात्र उलटा प्रकार. सुग्यंगची आई मालसुन येउंगदो बेटावर राहायची, जहाज दुरुस्तीच्या गोद्यांच्या मागं, चढावरच्या घरात. तिनं उभा जन्म जहाजांचा गंज काढला होता. गोदीत जहाज आलं की दोरानं टांगलेल्या फळीवर बसायचं आणि हातोडीनं त्याच्या पोटाला ठोकत राहायचं, गंज पापुद्र्यानं सुटेपर्यंत. तिच्यासारख्या बायका तिथं ओळीनं टांगलेल्या असत. त्या ठोकण्यात त्यांचे कान गेले. मालसुनचे तर पार गेले, त्यामुळे ती जगाशी ओरडूनच बोले, आणि जगालाही तिच्याशी ओरडूनच बोलावं लागे. त्या हातोडीवर तिनं दोन पोरं शिकवली, सुग्यंग आणि धाकटा सुचान, जो पुढं मासेबाजारात कामाला लागला.

रविवारी सुग्यंगनं विमानतळाची गोष्ट आईच्या कानाशी ओरडून सांगितली. म्हातारी सूप ढवळायची थांबली.

"एवढ्या मोठ्या साहेबाला तू नाही म्हणालीस?"

"हो."

"आणि तरी पगार देतात?"

"अजून तरी देतात."

मालसुन जी उठली ती थेट बाजारात. मासेवालीपासून केस कापणारीपर्यंत सगळ्यांना तिनं ऐकवलं, आणि ती सांगायची म्हणजे अर्ध्या बेटाला ऐकू जायचं, की आमच्या पोरीला साहेब लोकांना नाही म्हणायचा पगार मिळतो. आम्ही आयुष्यभर हो हो करून ठोकत बसलो, आणि ही नाही म्हणते आणि खाते. तिच्या जुन्या मैत्रिणींनी दोनदोनदा विचारून खात्री करून घेतली. सुग्यंग लाजून चूर झाली. पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यात कॅन्टीनमधलं जेवण तिला घशाखाली उतरलं ते या बाजारातल्या ओरड्यामुळंच.

एक गोष्ट मात्र तिला टोचत राहिली. मालसुनला मयताच्या फुलांचं भारी वेड. बेटावर कुणी गेलं की ही पहिली हजर, आणि परत आली की माणसाबद्दल नंतर बोलायची, आधी इस्पितळातल्या मयताच्या दालनाबाहेरच्या पुष्पचक्रांबद्दल. इथं ती माणसापेक्षा उंच असतात, तीन थरांची, पांढऱ्या शेवंतीची, आणि रेशमी फितीवर पाठवणाऱ्याचं नाव. कुणाच्या दारात किती उभी राहिली यावरून गेलेल्याची पत ठरते. विमानतळाची गोष्ट ऐकून झाली त्या रविवारीही म्हातारी हसत हसत म्हणाली होती, "माझ्या वेळी रांग लिफ्टपर्यंत गेली पाहिजे बघ. माझी पोरगी कंपनीत मोठी बाई आहे."

सुग्यंगनं मान हलवली. त्या वेळी तिला मोकचं वाक्य आठवलं आणि तिनं ते आईला सांगितलं नाही.

वर्ष उलटलं आणि एके दुपारी कॅन्टीनच्या टीव्हीवर त्या दक्षिणेकडच्या देशाची बातमी लागली. बंदराच्या मुख्य अधिकाऱ्याला अटक झाली होती. पाठोपाठ आपल्या इथले सरकारी वकील त्या दुसऱ्या कंपनीच्या ऑफिसात घुसले होते आणि तिच्या दोन संचालकांना घेऊन गेले होते. सगळे चमचे थांबले. पण खरी गंमत पुढं होती. अधिकाऱ्याच्या बंगल्याचं फाटक दाखवलं, तर फाटकात एक ठणठणीत म्हातारी उभी राहून पोलिसांना चप्पल दाखवत शिव्या देत होती. खाली अक्षरं सरकली, अधिकाऱ्याची आई.

दलाल हुशार होता. कोरियन माणूस मयत चुकवत नाही आणि रिकाम्या हातांनी जात नाही, एवढं त्यानं ओळखलं होतं. म्हणून त्यानं एकेका कोरियन कंपनीला फोन करून त्या म्हातारीला पुन्हा पुन्हा मारलं होतं. पाकीटं घेऊन गेलेल्यांना बंगल्यापर्यंत नेलंच नाही, दलालाच्या ऑफिसातच फोटोपुढं नमस्कार घालायला लावून वाटेला लावलं.

मोक कोपऱ्यातल्या टेबलावर होता. त्यानं चमचा खाली ठेवला, टीव्हीकडे एकदा आणि सुग्यंगकडे एकदा पाहिलं आणि उठून गेला. माफी नाही, आभार नाहीत. विक्री विभागातल्या पोरांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून तिच्या टेबलावरचं जेवण शेवटपर्यंत जेवायला सुरुवात केली. तिला बरं वाटलं. अभिमान वाटला का, तर हो, वाटला, आणि का वाटू नये? दोन संचालक आत गेले होते, आणि एक बाहेर होता तो तिनं बाही धरली म्हणून.

त्या हिवाळ्यात मालसुन गेली. सकाळी हातातला चहाचा पेला खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली, ती तशीच.

बेटावरच्या इस्पितळाच्या तळघरातलं एक दालन मिळालं. फोटो मांडला, शेवंती लावली, उदबत्ती पेटवली. सुचाननं काळा सूट घातला, दंडाला पट्टी बांधली. सुग्यंगनं काळा हानबोक, म्हणजे आपला पारंपरिक पोशाख, नेसून केसात पांढरी फीत खोवली, आणि मग दारात जाऊन पाकिटांच्या पेटीवर एक चिठ्ठी चिकटवली. कंपनीशी व्यवहार असलेल्या कुणाकडूनही पाकीट किंवा फुलं घेतली जाणार नाहीत, क्षमा असावी.

दुपारपासून फुलांचे टेम्पो यायला लागले. पोलाद पुरवणारे, ओतकामवाले, मालवाहतूकवाले, कंपनीचे बाहेरचे वकील, सगळ्यांची नावं रेशमी फितींवर झळकत होती. सुग्यंग पायऱ्यांवर उभी राहून एकेक परत पाठवत होती. टेम्पोवाला वैतागून म्हणाला, बाई, तीस वर्षं फुलं पोचवतोय, परत न्यायला कुणी लावलं नव्हतं. शेवटी दारात दोनच राहिली. एक सुचानच्या मासेबाजारातल्या लोकांचं, आणि एक कंपनी प्रत्येक कर्मचाऱ्याकडे पाठवते ते नेहमीचं. शेजारच्या दालनात कुठल्याशा हॉटेलमालकाचं मयत होतं. त्याची फुलं इतकी, की ती सरकत सरकत मालसुनच्या दारापर्यंत आली होती.

माणसंही आली नाहीत. कशी येणार? पाकीट घेत नाहीत म्हटल्यावर लोकांना प्रश्नच पडला असणार, की जायचं तरी कसं. आपल्याकडे रिकामा हात दाखवण्यापेक्षा तोंड न दाखवणं सोपं. संध्याकाळपर्यंत आईच्या मैत्रिणी तेवढ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि एकमेकींना ओरडून विचारत होत्या, की लोक कुठायत. शिजवलेलं रस्सा-मांस पातेल्यात तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचाननं तिला कोपऱ्यात गाठलं. त्याचे डोळे सुजले होते.

"ताई, बाहेर बघून ये. आईच्या दारात शेजाऱ्याची फुलं उभी आहेत."

"बघितली."

"तिनं जन्मभर दुसऱ्यांची फुलं मोजली गं. एक दिवस, फक्त एक दिवस तिची मोजायला हवी होती कुणीतरी. आणि तू सांग, हे कायद्यात तरी आहे का? पोलादवाल्यानं शेवंती पाठवली तर तुला कोण पकडणार आहे?"

"कुणी नाही."

"मग?"

 "मी मोकसाहेबांच्या कोटातून पाकीट काढून घेतलंय, सुचान. कुणाची तरी आई मेली असं समजून. ते त्यांना चालवून घ्यायला लावलं, आणि माझी आई मेल्यावर मी दार उघडू?"

"त्याची आई मेलीच नव्हती!"

"मला कुठं माहीत होतं? मेली असती तरी मी काढलंच असतं."

सुचान पाठ फिरवून फोटोजवळ जाऊन बसला. सुग्यंग बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि तोंडावर हात दाबून रडली. आईसाठी रडली, आणि त्या दोनच पुष्पचक्रांसाठीही. बाई तत्त्वाची होती म्हणून तिला फुलं नको होती असं कुणी समजू नये.

ती डोळे पुसून बाहेर आली तेव्हा दारात मोक उभा होता. तोच काळा सूट, तोच टाय. मागं अख्खा विक्री विभाग. सगळ्यांची पंचाईत एकच झालेली, हातांचं करायचं काय. पेटीपाशी येऊन हात सवयीनं कोटाच्या आत जायचा आणि रिकामाच बाहेर यायचा. एकानं तर हात पाठीमागं बांधले, शाळेतल्यासारखे. मोकनं आत येऊन उदबत्ती लावली, फोटोपुढं गुडघे टेकून दोनदा नमस्कार केला, मग सुचानला आणि तिला केला. उठायला त्याला वेळ लागला.

"बानबाई," तो हळू म्हणाला, "त्या दिवशी रिकाम्या हातांनी जायची लाज वाटली म्हणून गेलो नाही. गेलो असतो तर जिवंत म्हातारीच्या फोटोपुढं डोकं टेकवून आलो असतो."

"हो."

"आणि मेलीच असती, तर?"

"तरी पाकीट काढलं असतं."

"ठाऊक आहे. म्हणून तर आलो." मग तो घुटमळला आणि त्याचा बुसानी स्वभाव काही त्याला गप्प बसू देईना. "आज मात्र आधी इस्पितळात फोन करून खात्री करून घेतली."

सुग्यंगला हसू फुटलं. आईच्या फोटोपुढं, केसात पांढरी फीत खोवून ती हसली, आणि भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी काय झालं म्हणून ओरडून विचारलं.

जेवायला मोक बसलाच नाही. त्यानं कोट काढून सुचानच्या हातात दिला, बाह्या वर सारल्या आणि उंबऱ्यापाशी जाऊन उकिडवा बसला. येणाऱ्यांचे जोडे सरळ करून ठेवायचं काम सहसा घरातला एखादा धाकटा करतो. आज ते संचालकानं घेतलं. त्याची पोरं रश्श्याचे वाडगे आणि सोजू दारूच्या बाटल्या घेऊन पळायला लागली. मग एकानं फोटो काढला की फोन केला कोण जाणे, पण बातमी पसरली, की मोक रिकाम्या हातांनी गेलाय आणि बानबाईनं त्याला हाकललेलं नाही. म्हणजे जाता येतं. सगळे एवढ्याचीच वाट बघत बसले होते.

आधी पोलादवाला आला, ज्याचं पुष्पचक्र परत गेलं होतं तो. मग ओतकामवाले, मग कारखान्याची पाळी सुटल्यावर तिथले फिटर, मग मासेबाजार, मग गोद्यांमधले लोक. हेर्योंगचा म्हातारा मालक काठी टेकत आला, नमस्कार घालून दोन वाडगे रस्सा प्यायला आणि मालसुनच्या मैत्रिणींशी ओरडून बोलत बसला. टेबलं पुरेनात. आत येणारा प्रत्येक जण रिकामा हात थोडा पुढं धरून यायचा, जणू दाखवायला. सुग्यंग नमस्काराला नमस्कार घालून दमून गेली.

दुपार कलताना सुचान आत आला. त्याचा चेहरा निराळाच दिसत होता.

"ताई, जरा बाहेर ये."

"लोक आलेत रे."

"ये तर."

ती बाहेर आली. उंबऱ्यापासून जोड्यांच्या जोड्या लागल्या होत्या. कारखान्यातले लोखंडी टोकाचे बूट, मासेवाल्यांचे रबरी, म्हाताऱ्यांच्या सपाता, साहेब लोकांचे चकाकते. सगळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला, नीट ओळीनं, कारण मोकला वाकडं ठेवणं माहीत नव्हतं. ओळ दारातल्या दोन पुष्पचक्रांपुढून गेली होती, शेजाऱ्याच्या फुलांच्या खालून गेली होती आणि बोळाच्या वळणावरून पुढं दिसेनाशी झाली होती. सुग्यंग अनवाणी त्या ओळीच्या कडेकडेनं चालत गेली. वळणापलीकडे मोक गुडघ्यावर बसून शेवटचा जोड सरळ करत होता. त्याच्या पाठीशी लिफ्टचं दार होतं.

"आता पुढं जागा नाही, बानबाई," तो घाम पुसत म्हणाला. "लिफ्ट आली."

ती वळली आणि हानबोक वर धरून जवळजवळ पळतच आत गेली. वाटेत कुणी नमस्कार केला तो तिला दिसला नाही. आईच्या फोटोपुढं उभी राहिली आणि, म्हातारीला कमी ऐकू येतं म्हणून, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "आई, लिफ्टपर्यंत!"